सहा इंचांचा डाग

माझ्या वडिलांनी बावीस वर्षं एका साहेबाची गाडी चालवली. साहेब कायमचा देश सोडून गेला तेव्हा जाताना ती गाडी त्याने वडिलांच्या नावावर करून दिली. गाडी विलायती होती, काळी, चार दारांची, गोल पाठीची. मालक झाल्यावरही वडील तिच्या मागच्या सीटवर कधी बसले नाहीत. पाहुणे आले तर त्यांना मागे बसवायचे आणि स्वतः पुढे. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली, आणि गाडीबरोबर तिचं गळणंही आलं.

हे गळणं आधी समजावून सांगायला हवं. त्या काळच्या विलायती इंजिनांना मागच्या टोकाला रबरी सील नसायचं. फिरत्या दांड्यावर उलटे आटे कोरलेले असत. इंजिन जोरात फिरत असलं की हे आटे बाहेर येऊ पाहणारं तेल आत ढकलत. इंजिन बंद झालं, किंवा अगदी सावकाश फिरत राहिलं, की ढकलणारं कोणी उरत नसे. तेव्हा नव्या गाडीखालीसुद्धा दोन-चार थेंब पडायचेच. आमच्या गाडीचे आटे तीस वर्षांत झिजले होते. दोन-चारांचे किती झाले, हा प्रश्न होता.

मी विक्रोळीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. दिवसभर मोजमाप करणारा माणूस घरी येऊन अंदाजाने जगू शकत नाही. मी एक वही सुरू केली. दर रविवारी सकाळी पाच नोंदी: मीटरचं वाचन, तेलाच्या पट्टीवरची पातळी, टाकलेलं तेल, केलेलं काम, आणि डागाची रुंदी. डागासाठी मी पंख्याच्या खोक्यांचे पुठ्ठे दीड फूट लांबी-रुंदीचे कापून ठेवले होते. रविवारी इंजिनखाली नवा पुठ्ठा ठेवायचा, पुढच्या रविवारी तो काढून लाकडी फूटपट्टीने डाग मोजायचा. पहिल्या दोन महिन्यांची सरासरी सहा इंच होती.

बायकोला यातलं काही आवडत नव्हतं. माझे रविवार जात होते आणि बनियनचे डाग निघत नव्हते. एकदा तिने धुणं पिळता पिळता सरळ सांगितलं, "एक वर्ष. वर्षभरात हे गळणं ताळ्यावर आणा, नाहीतर गाडी द्या कोणाला तरी. मामंजींची आठवण म्हणून मी आणखी किती साबण घासू?"

तिचं म्हणणं रास्त होतं. मी कबूल केलं. वर्ष गणपतीपासून धरायचं ठरलं. म्हणजे पुढच्या गणपतीपर्यंत डाग निम्म्यावर आला नाही, तर वडिलांची गाडी जायची.

गाडी आमच्या घरी नव्हती. मुलुंडला आमच्या इमारतीच्या आवारात दोन स्कूटर उभ्या राहिल्या की तिसरीला जागा नसे. नाहूरला माझ्या एका मित्राचं वडिलोपार्जित बैठं घर होतं. आम्ही म्युनिसिपालिटीच्या शाळेत एका बाकावर बसलेलो. त्याच्या घरामागे पूर्वी म्हशींचा गोठा होता, तो रिकामा झाला होता.

"म्हशी गेल्या, आता तुझी म्हैस येऊ दे," तो म्हणाला होता. "आणि भाड्याबिड्याचं नाव काढलंस तर तंगडी तोडीन हां तुझी."

असा तो माणूस. सगळ्यांच्या कामाला धावणारा. कोणाच्या घरी बारसं असो की मयत, चटया आणि कपबश्या हाच आणून द्यायचा. मला तो 'इन्स्पेक्टर' म्हणायचा. बॅटरी उतरू नये म्हणून गाडी आठवड्यातून एकदा सुरू करायला हवी होती, आणि मला रविवारखेरीज जमत नव्हतं. त्यानेच सुचवलं, "बुधवारी मी एक चक्कर मारून आणतो. स्टेशनपर्यंत जाऊन परत." मी त्याला किल्ली दिली. वहीत सहावा रकाना आखला: 'मित्राची चक्कर'. त्यात दर आठवड्याला तीन-चार किलोमीटर पडत. मीटर जुळत असे.

दुसरा माणूस मेस्त्री. मालवणकडचा. गिरणीत फिटर होता; संपानंतर गिरणी पुन्हा उघडण्याची वाट बघून थकला आणि भांडुपला रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकून गाड्या दुरुस्त करायला लागला. कमी बोलायचा. इंजिनाशी मात्र बोलायचा, तेही शिव्या घालून. त्याने इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं बुचाचं पॅकिंग बदललं, तळाच्या तेलाच्या चेंबरचे बोल्ट हाताने चाचपून कोणीतरी जास्त आवळून पॅकिंग चिरडल्याचं दाखवलं, आणि श्वासाची नळी काढून तिच्यातून काळा लगदा बाहेर काढला.

"नळी चोंदली की आतली वाफ जाताली खंय?" तो म्हणाला. "मग ती तेलाक भायर ढकलता. आदी श्वास, मग बाकीचा."

डाग सहावरून साडेपाचवर आला. एवढ्याने भागणार नव्हतं. तेलाचा विचार करायला हवा होता.

वडील तीस नंबरचं साधं तेल घालत. दोन बोटांत घासून, वास घेऊन पसंत करत. मी मासिकात वाचलं होतं की नवं मल्टिग्रेड तेल थंडीत पातळ आणि गरमीत दाट राहतं, शिवाय इंजिन आतून साफ करतं. मला ते पटलं. मेस्त्रीला न विचारता मी ते भरलं. तीन रविवारांत डाग नऊ इंच झाला.

मेस्त्री पुठ्ठा बघून हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "साबण लावलास तुमी तिका, सायबानू. वीस वर्षांचो कीट होतो आत. तोच पॅकिंग होतो. तुमी तो धुवन काढलास!"

पटण्यासारखं होतं. नव्या इंजिनाला जे औषध, ते जुन्याला जुलाब. दिवाळीनंतर त्याच्या सांगण्यावरून चाळीस नंबरचं साधं, दाट तेल घातलं. पहिल्या रविवारी डाग सात इंच. दुसऱ्या रविवारी सहा. तिसऱ्या रविवारी मी नाहूरला गेलो, पुठ्ठा ओढून काढला, फूटपट्टी लावली, आणि पुन्हा लावली.

दोन इंच.

मित्र चहा घेऊन मागच्या दारात उभा होता. "काय रे इन्स्पेक्टर? तोंड का असं झालं?"

"दोन," मी म्हणालो. "सहाचे दोन झाले!"

"मग पेढे कुठायत?"

त्या संध्याकाळी मी मुलुंड स्टेशनजवळून अर्धा किलो पेढे घेतले आणि पुन्हा नाहूरला गेलो. पहिला पेढा त्याला दिला. त्याने तो तोंडात टाकला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तुझ्या वहीचा विजय असो." हे वाक्य मी त्या दिवशी वहीत मागच्या पानावर लिहूनही ठेवलं होतं. अजून आहे.

ऑफिसात मी तेलाच्या निवडीवर इतकं बोललो, की दोघा-तिघांनी आपापल्या स्कूटरींबद्दल सल्ला विचारला. बायकोलाही मान्य करावं लागलं. फक्त मेस्त्री खूश नव्हता.

"साताचे सहा, मानीन. सहाचे पाच, तेवाय मानीन. सहाचे दोन नाय व्हायचे." मला वाटलं, त्याच्या हाताला न आलेलं यश माझ्या तेलाला आलं म्हणून तो नाराज आहे. तेलही त्यानेच सांगितलं होतं हे मी सोयीने विसरलो.

डाग दोन इंच असताना पट्टीवरची पातळी मात्र घसरायला लागली. पूर्वी महिन्याला अर्धा लिटर लागायचं, आता काही आठवड्यांत आठवड्यालाच अर्धा लिटर. पौषात उलटं झालं. डाग पुन्हा सहा इंच, आणि पातळी जवळजवळ जिथल्या तिथे. माघ लागला तसा डाग परत दोनवर आला आणि तेल परत संपायला लागलं. डाग लहान तेव्हा तेल जास्त लागतं, डाग मोठा तेव्हा कमी. कारखान्यात असे आकडे माझ्यासमोर आले असते तर मी आधी मोजणाऱ्याला बोलावलं असतं. इथे मोजणारा मीच होतो, म्हणून त्याच्यावर संशय घ्यायचं मला सुचलं नाही.

मी तर्क लढवला. डाग लहान, म्हणजे गळत नाही. गळत नाही आणि तरी कमी होतं, म्हणजे आत जळतं. आत जळतं म्हणजे तेल पातळ. चाळीस नंबर पातळ कसं असेल? भेसळ असेल तर. वरून टाकायचे डबे मी मेस्त्रीकडून घेत असे. पौषातला डबा चांगला निघाला असेल, माघातले वापरलेलं तेल गाळून भरलेले असतील. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर नीट बसत होती. अशा तर्काची मला तेव्हा फार खात्री वाटे.

एका शनिवारी दुपारी मी वही घेऊन भांडुपला गेलो. शेडमध्ये दोन टॅक्सीवाले आणि एक डॉक्टर बसले होते. त्यांच्यासमोर मी वही उघडली आणि मेस्त्रीला महिन्यांचे आकडे वाचून दाखवले. शेवटी विचारलं, "हे डबे कुठून भरून आणता?"

मेस्त्रीने हात पुसले, बराच वेळ पुसले.

"वही बघू," तो म्हणाला. त्याने काळं बोट पानाला न लावता, वरूनच रकान्यांवर फिरवलं. "तुमी किलोमीटर मोजतास. इंजिन किलोमीटर मोजणा नाय. ता तास मोजता. गाडी चलता काय उभी आसा, ह्या त्याका काय ठावक?"

"गाडी आठवडाभर बंद असते. तासांचा संबंधच नाही."

"मग माका काय म्हायत नाय," तो म्हणाला. वही मिटून त्याने माझ्या हातात दिली. "आता दुसरो मेस्त्री बघा, सायबानू."

डॉक्टरांनी आपली गाडी त्याच दिवशी तिथून उचलली, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी घरी आलो तो ताठ मानेने. नाहूरला जाऊन मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, "जाऊ दे रे. असतात अशी माणसं. आपण सरळ असलो की सगळे सरळच वाटतात." हे तो माझ्या गाडीच्या मडगार्डवर बसून म्हणाला.

फाल्गुनात बायकोच्या भाच्याचं लग्न ठरत होतं. मुहूर्त बघायला ती भिंतीवरचं कॅलेंडर काढून जमिनीवर घेऊन बसली होती. मी शेजारी वहीतल्या पेन्सिलच्या नोंदी शाईने गिरवत होतो. तिने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा कॅलेंडरकडे.

"हे दोन-दोन इंचवाले आठवडे कुठले?"

मी सांगितले. ती कॅलेंडरची पानं उलटत बोट ठेवत गेली. मग थांबली.

"अहो, तुमची गाडी पौष पाळते."

"म्हणजे?"

"लग्नाचा मुहूर्त असलेल्या आठवड्यात तेल जातं, नसलेल्या आठवड्यात जात नाही. तुळशीचं लग्न लागल्यापासून बघा. पौषात लग्नं नाहीत, पौषात तेल नाही." ती हसत होती. माझ्याकडे पाहिल्यावर थांबली.

मी तिच्याकडून कॅलेंडर घेतलं आणि वही शेजारी ठेवून स्वतः ताडून पाहिलं. सतरा आठवड्यांपैकी सोळा जुळले. सतराव्यात मुहूर्त होता पण तेल गेलं नव्हतं. त्या आठवड्यात बॅटरी उतरलेली होती.

पुढच्या आठवड्यात मंगळवार आणि गुरुवार असे दोन मुहूर्त होते. गुरुवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि पाचच्या सुमाराला नाहूरला उतरलो. मित्राच्या घराला कुलूप. मागे गेलो. गोठा रिकामा. जमिनीवर पुठ्ठा नव्हता. तो भिंतीला टेकवून ठेवला होता. उलटून पाहिला तर पंख्याच्या खोक्याचा, माझाच, मी रविवारी ठेवलेला. डाग दहा इंचांच्या वर, अजून ओला. कोपऱ्यात साबणाच्या खोक्यातून दीड-दीड फुटांचे कापलेले नवे पुठ्ठे एकावर एक रचून ठेवलेले. कापणाऱ्याने मोजमाप अचूक ठेवलं होतं. शनिवारी नवा ठेवायचा, एका दिवसात त्यावर दोन इंच डाग पडायचा, रविवारी मी येऊन मोजायचा. कोरी बाजू वर आणि साबणाचं नाव छापलेली बाजू खाली असायची. मी कधी उलटून पाहिली नव्हती.

शेजारच्या घरातली बाई तांदूळ निवडत होती. तिला वाटलं मी गिऱ्हाईक आहे.

"गाडी वरातीला गेली. तुमची कधी आहे?"

"कोणाची गाडी?"

"भाऊंचीच की," तिने मित्राच्या घराकडे बोट दाखवलं. "त्यांच्या घरचीच गाडी ती, जुनी. फुकटच देतात हो, मन मोठं आहे. पण आधी सांगा हां. फाल्गुनात एक पण दिवस मोकळा नाय."

मी स्टेशनच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. साडेसहाला बँडचा आवाज आला. पुढे बँड, मग नाचणारे, मग बायका, आणि सगळ्यांच्या मागे मोगऱ्याच्या माळांनी झाकलेली वडिलांची गाडी. पुढच्या काचेवर नवरा-नवरीची नावं चिकटवलेली. चाकं फिरत आहेत की नाही हे बघायला एकटक बघावं लागे, इतकी ती सावकाश येत होती. दहा पावलं जायची, थांबायची. नाचणारे दमले की पुढची दहा पावलं. मी घड्याळ लावलं. मारुतीच्या देवळापासून माझ्यापर्यंत तीनशे मीटर अंतराला पंचेचाळीस मिनिटं लागली. पहिल्या गिअरमध्ये, पंख्याला वारा नाही, तेल तापून पाण्यासारखं झालेलं, आणि आटे इतक्या सावकाश फिरणारे की एक थेंबही आत ढकलू शकणार नाहीत. मागून निळा धूर निघत होता. मीटरवर त्याचे अर्धा किलोमीटरही पडत नव्हते.

तास. मेस्त्री म्हणाला होता.

चालवत माझा मित्र होता. गुलाबी फेटा, पांढरा शर्ट. गाडी माझ्यासमोर आली तेव्हा त्याने मला पाहिलं. त्याचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तो उजळला.

"अरे, ये ये ये!" तो खिडकीतून ओरडला. "बरा भेटलास!"

नवऱ्याचा बाप, सफारी घातलेले एक गृहस्थ, खिडकीशी वाकून काळजीने म्हणत होते, "भाऊ, हा लाल दिवा मघापासून लुकलुकतोय. बंदबिंद पडणार नाही ना? अपशकुन नको."

"घाबरू नका मामा. देवानेच पाठवलाय." त्याने माझ्याकडे हात केला. "हा आपलाच माणूस. गाडीचं तेलबिल हाच बघतो. ए, जरा पट्टी बघ रे."

मी काय करायला हवं होतं, याचा नंतर पुष्कळ विचार केला. किल्ली काढून घ्यायला हवी होती, असं बायको म्हणते. पण मागे नवरी बसली होती, डोक्याला मुंडावळ्या, मांडीवर रुमालात बांधलेला तांब्या. आणि तो दिवा तेलाच्या दाबाचा होता. आणखी दहा मिनिटं इंजिन तसंच चाललं असतं तर बेअरिंग गेली असती. मी बॉनेट उघडलं. खिशातल्या रुमालाने पट्टी पुसली, घातली, काढली. खालच्या खुणेवरही तेल नव्हतं. डिकीत मीच ठेवलेला डबा होता. बँड थांबला नाही. कडक इस्त्रीच्या ऑफिसच्या शर्टात, वरातीच्या मधोमध, मी माझ्या गाडीत तेल ओतलं. काही थेंब तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडले आणि धूर झाला, तेव्हा पोरं टाळ्या वाजवून ओरडली.

बॉनेट लावलं तेव्हा एक म्हातारी बाई मागून म्हणाली, "अरे, त्या मेकॅनिकला पण सरबत द्या रे."

कोणीतरी माझ्या हातात पेला दिला. मी प्यायलो. वडील बावीस वर्षं लग्नांच्या मांडवांबाहेर गाडीशी उभे राहून असेच पेले घेत असणार. ते निदान दुसऱ्याच्या गाडीशी उभे होते.

आठ वाजता मित्राने गाडी गोठ्यात आणली. मी तिथे बसून होतो. त्याने फेटा काढला आणि माझ्या शेजारी दगडावर बसला.

"रागावलास?"

"किती झाल्या?"

"कोण मोजतंय?" तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वीस-बावीस असतील. अरे, एक पैसा घेतला नाही कोणाकडून. आईशप्पथ. उभी राहून गंजण्यापेक्षा चार पोरींची लग्नं शोभली. तुझं काय गेलं सांग."

"लोकांना गाडी तुझी म्हणून सांगितलीस."

"मी नाही सांगितली. त्यांनी धरून चाललं. प्रत्येकाला कुठे समजावत बसू?"

"आणि पुठ्ठे?"

त्याने फेटा मांडीवर घेऊन त्याची घडी घातली. "ते तुझ्यासाठीच केलं रे. सहा इंच बघितलेस की तुझं तोंड एवढंसं व्हायचं. दोन बघून कसा हसलास तू! पेढे घेऊन आलास. मला वाटलं, चला, एक माणूस तेवढ्यावर खूश होतोय तर होऊ दे."

गाडी नेली याचा राग मला आजही फारसा येत नाही. मागितली असती तर मी कदाचित दिली असती, एखादी अट घालून. पण माझं सुख किती इंचांचं आहे हे याने मोजलं आणि दर शनिवारी कात्रीने कापून माझ्यासाठी ठेवलं. तीस वर्षांच्या ओळखीचा त्याने एवढाच उपयोग केला. आणि पेढा खाल्ला.

"मेस्त्रीबद्दल तुला सांगितलं तेव्हा तरी बोलायचं होतंस," मी म्हणालो.

"मी म्हटलं ना, जाऊ दे."

मी किल्ली घेतली. माळा तशाच होत्या. त्या तोडायला थांबलो नाही. गाडी बाहेर काढून भांडुपला नेली. मेस्त्रीची शेड बंद होती, तिच्यासमोर लावली आणि चालत घरी आलो.

सकाळी सातला परत गेलो तेव्हा मेस्त्री गाडीवरची फुलं काढून एका टोपलीत ठेवत होता. मी सगळं सांगितलं. चूक माझी होती, असंही म्हणालो. त्याने शेवटची माळ सोडवून टोपलीत ठेवली.

"तुमच्या मित्रान खोटे आकडे दाखवल्यान, तुमी फसलास. त्याचा तुमका वायट वाटला," तो म्हणाला. "माका तुमी खऱ्या आकड्यांनी खोटो पाडलास. चार लोकांसमोर. ता खंयच्या रकान्यात लिवतलास?"

डॉक्टरांचा पत्ता विचारून मी त्यांच्याकडे गेलो आणि मेस्त्रीचा दोष नव्हता असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. गाडी मात्र त्यांनी परत त्याच्याकडे आणली नाही.

मेस्त्रीने गाडी पंधरा दिवस शेडसमोर राहू दिली. इंजिन वाचलं होतं. चाळीस नंबरचं तेल, पण वरच्या खुणेपर्यंत भरायचं नाही, दोन खुणांच्या मधोमध थांबायचं, कारण जास्तीचं तेल आधी गळून जातं: एवढं एक त्याने शेवटी सांगितलं. तसं केल्यावर डाग साडेचार इंच झाला, खराखुरा, माझ्या समोर. गणपतीपर्यंत तीन झाला असता, असं मला आकड्यांवरून वाटतं. बायकोने आपण होऊन अट मागे घेतली. ती स्वतः माझ्याबरोबर इमारतीच्या सेक्रेटरीकडे आली, तिच्या बहिणीकडे शब्द टाकला. पण गळणाऱ्या गाडीला कोणी आवारात घेईना, आणि नाहूरला परत जायचं नव्हतं. शेवटी गळण्यापायी नाही, उभं राहायला जागा नाही म्हणून वडिलांची गाडी गेली.

घेणारा दिंडोशीचा होता. तळमजल्यावर घर, पुढे बंद पडवी. सभ्य माणूस, जुन्या गाड्यांचा हौशी. मी त्याला वहीतल्या पानांची स्वच्छ नक्कल करून दिली: तेल कोणतं, कितीपर्यंत, श्वासाची नळी कधी साफ करायची. किलोमीटरच्या शेजारी तासांचा एक नवा रकाना आखून दिला. मूळ वहीतल्या तुळशीच्या लग्नापासून फाल्गुनापर्यंतच्या सगळ्या नोंदींवर मी एक तिरपी रेघ मारली आहे.

त्याने खाली वाकून इंजिनाखाली पाहिलं. "गळते ना?"

"गळते," मी म्हणालो. "आठवड्याला साडेचार इंच. जास्त दिसलं तर मेस्त्रीला दाखवा. कमी दिसलं तर पुठ्ठा उलटून बघा."